मेक्सिकोचे व्यंगचित्रकार रिउस : त्यांच्या कामाकडे कसे पाहावे?

कोरीपाटी यांचा प्रश्न

नमस्कार.

मी एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. विद्यार्थी असताना पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मी कार्ल मार्क्सची ओळख करून देणारे एक इंग्रजी चित्रपुस्तक घेतले होते. त्यातले अर्थशास्त्र त्या वयात कितपत कळले हे आज सांगता येणार नाही, परंतु त्याची पाने अजून डोळ्यांसमोर आहेत. सगळा मजकूर हाताने लिहिल्यासारखा, मधूनमधून जुन्या कोरीव चित्रांची कात्रणे चिकटवलेली, आणि त्यांच्या शेजारी चार-सहा रेघांत काढलेली साधीसुधी माणसे, जी मार्क्सचे एखादे अवघड वाक्य आले की वाचकाच्या मनातली शंका आपणच बोलून दाखवत. लेखक आणि चित्रकार म्हणून एकच शब्द छापलेला होता : रिउस.

हे रिउस मेक्सिकोचे होते आणि त्यांची खरी ओळख राजकीय व्यंगचित्रकार अशी होती, हे मला अलीकडे समजले. तेव्हापासून मिळेल ते वाचतो आहे; पण स्पॅनिश येत नसल्यामुळे हाती लागते ते तुटक असते. मेक्सिकोत १९२९ पासून २००० पर्यंत, म्हणजे तब्बल ७१ वर्षे एकाच पक्षाची सत्ता होती. अशा देशात सत्ताधाऱ्यांची खिल्ली उडवणारा माणूस इतकी वर्षे चित्रे काढत कसा राहिला, हे मला समजून घ्यायचे आहे. त्यांची सर्वांत गाजलेली चित्रमालिका त्यांनी स्वतः सुमारे शंभर अंकच काढली आणि पुढे ती दुसऱ्यांच्या हातून चालू राहिली, असेही वाचले. ते नेमके कसे घडले? आणि चित्रकलेचा शिक्षक म्हणून एक शंका विशेष आहे. त्यांच्या पुस्तकांत मजकूर इतका असतो की त्याला व्यंगचित्र म्हणावे की सचित्र निबंध, असा प्रश्न पडतो. जाणकारांनी सवडीने सविस्तर लिहावे, ही विनंती.

पैलतीर यांचे उत्तर

कोरीपाटी सर, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी स्पॅनिशमधून अनुवाद करते आणि काही वर्षे मेक्सिकोत राहिले आहे. माझे तिथले बोलीभाषेचे पहिले शिक्षण रिउस यांच्या जुन्या अंकांवर झाले, त्यामुळे या माणसाविषयी मी अलिप्तपणे लिहू शकेन असे मला वाटत नाही.

त्यांचे पूर्ण नाव एदुआर्दो उम्बेर्तो देल रिओ गार्सिया. जन्म २० जून १९३४ रोजी मिचोआकान राज्यातल्या सामोरा या गावी झाला. सामोरा हे कट्टर कॅथलिक वळणाचे गाव. वडील अगदी लहानपणीच गेले आणि कुटुंब मेक्सिको शहरात आले. मुलाचे शिक्षण सालेसियन पाद्र्यांच्या संस्थांत झाले आणि एकेकाळी तो धर्मगुरू होण्याच्या वाटेवर होता. पुढे चर्चवर त्यांनी जी टीका केली ती बाहेरून डोकावणाऱ्याची नव्हती. प्रार्थना, पोथ्या आणि पाद्र्यांच्या सवयी त्यांना आतून ठाऊक होत्या, हे त्यांच्या चित्रांत पदोपदी जाणवते.

चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेच नाही. किरकोळ नोकऱ्या करत ते अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणाऱ्या एका संस्थेत टेलिफोनवर बसू लागले. तिथे मोकळ्या वेळात ते कागदावर काही ना काही काढत असत. फोन करण्यासाठी आलेल्या एका विनोदी साप्ताहिकाच्या संपादकाची नजर त्या चित्रांवर पडली आणि १९५४ मध्ये त्यांची चित्रे छापून येऊ लागली. त्या साप्ताहिकाचे नाव स्पॅनिश उच्चाराप्रमाणे 'खा-खा', म्हणजे आपले 'हा-हा'. सुरुवातीची ही चित्रे बहुतेक शब्दाविनाच असत आणि त्यांवर अमेरिकी व्यंगचित्रकार सॉल स्टाइनबर्ग यांच्या रेषेची छाप होती. ज्या माणसाच्या पानांवर पुढे अक्षरांची दाटी झाली त्याने आरंभ मुक्या चित्रांनी केला होता, एवढे तुमच्या शेवटच्या शंकेच्या संदर्भात आत्ताच लक्षात ठेवा.

मेक्सिकोत व्यंगचित्रकाराला 'मोनेरो' म्हणतात. 'मोनो' म्हणजे माकड. पण बोलीत कागदावर काढलेल्या कोणत्याही आकृतीला 'मोनो' म्हणतात आणि ती काढणारा तो मोनेरो. हा शब्द ते लोक अभिमानाने मिरवतात. रिउस वृत्तपत्रांत रोजची राजकीय चित्रे काढू लागले तेव्हा तिथे एक अलिखित नियम होता : राष्ट्राध्यक्ष, सैन्य आणि ग्वादालुपेची माता, म्हणजे मेक्सिकोचे श्रद्धास्थान असलेली मेरी, या तिघांना हात लावायचा नाही. हा नियम न पाळल्यामुळे त्यांना एकामागून एक वृत्तपत्रे सोडावी लागली. शेवटी साठच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी वृत्तपत्राचा नाद सोडून चित्रकथेच्या स्वस्त साप्ताहिक अंकांचा मार्ग धरला आणि 'लोस सुपेरमाचोस' जन्माला आली.

ही मालिका सान गाराबातो नावाच्या काल्पनिक गावात घडते. 'गाराबातो' म्हणजे आकडा किंवा वेड्यावाकड्या रेघोट्या. गावाचा सर्वेसर्वा दोन पेरपेतुओ देल रोसाल. 'पेरपेतुओ' म्हणजे सदासर्वकाळचा. त्याच्या पक्षाची आद्याक्षरे आर-आय-पी. ही सत्ताधारी पक्षाच्या पी-आर-आय या आद्याक्षरांची उलटापालट, आणि थडग्यांवर कोरतात तीच अक्षरे. गावात धार्मिक दोन्या एमे आहे, औषधांचे दुकान चालवणारा दोन लुकास आहे, सदा तर्र असलेला चोन प्रिएतो आहे, आणि या सर्वांच्या मध्यभागी हुआन काल्सोन्त्सिन नावाचा आदिवासी.

या काल्सोन्त्सिनवर थोडे थांबते, कारण रिउस यांची सगळी दृष्टी या एका पात्रात आहे. स्पॅनिश आक्रमणाच्या वेळी मिचोआकानमध्ये पुरेपेचा लोकांचे राज्य होते आणि तिथल्या राजाच्या पदवीचा उच्चार जवळपास असाच करत. त्याच वेळी 'काल्सोन' म्हणजे गरीब शेतकऱ्याची जाडीभरडी सुती विजार. राजपदवी आणि विजार एकाच नावात. तो अंगाभोवती घोंगडी गुंडाळून फिरतो. पण ती घोंगडी विजेवर ऊब देणारी असते आणि तिची तार प्लगसकट लोंबत असते. दुसऱ्याने टाकून दिलेली आधुनिकता अंगावर घेऊन फिरणारा हा माणूस गावात सर्वांत जास्त वाचलेला आहे. तोवरच्या लोकप्रिय विनोदात आदिवासी पात्र म्हटले की बावळट बोलणारा, फसवला जाणारा नोकर. इथे मात्र महापौराचे भाषण ऐकून योग्य तो प्रश्न विचारणारा तोच असतो. मला हे रिउस यांचे सर्वांत मोठे काम वाटते, पक्षावरच्या टीकेहूनही मोठे.

साध्या कागदावर छापलेले हे छोटे अंक वृत्तपत्रांच्या टपरीवर मिळत आणि ऐन भराच्या काळात आठवड्याला दोन लाखांच्या घरात खपत. केशकर्तनालयात, बसमध्ये, कारखान्याच्या दारात एकेक अंक कितीतरी हातांतून जाई. मात्र शीर्षकाचे आणि पात्रांचे हक्क प्रकाशकाकडे होते. सरकारकडून दबाव येऊ लागला तसा मजकुरात हस्तक्षेप सुरू झाला, आणि सुमारे शंभर अंकांनंतर रिउस बाहेर पडले. गाव, महापौर, घोंगडीतला काल्सोन्त्सिन, सगळे मागे राहिले आणि प्रकाशकाने दुसऱ्या चित्रकारांकडून मालिका पुढे चालवली. चेहरे तेच, टोप्या त्याच, बोलणे मात्र बेचव. मी दोन्ही प्रकारचे अंक शेजारी ठेवून वाचले आहेत, आणि पहिल्या चार चौकटींतच हात बदललेला कळतो.

जुळारी यांचे उत्तर

पैलतीर ताईंनी चरित्राचा भाग फार चांगला मांडला आहे. मी आयुष्यभर छापखान्यात काम केले, खिळे जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत. म्हणून 'इतकी वर्षे चित्रे काढत कसे राहिले' या प्रश्नाकडे मी कागदाच्या बाजूने पाहतो.

मेक्सिकोत १९३५ मध्ये, लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना, वृत्तपत्रांचा कागद बनवण्यासाठी व आयात करण्यासाठी 'पिप्सा' नावाची सरकारी संस्था स्थापन झाली. हेतू चांगला होता. खाजगी मक्तेदारीतून कागद सोडवून तो वृत्तपत्रांना स्वस्तात मिळावा, हा. पण कागदाची किल्ली एकदा सरकारच्या कमरेला लागली की संपादकाला धमकावण्याची गरजच उरत नाही. उधारी थकली आहे, पुढचा माल थोडा उशिरा येईल, एवढा निरोप पुरतो. ज्याने रात्रपाळीला कागदाच्या रिळाची वाट पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. त्याखेरीज चित्रमासिकांवर देखरेख ठेवणारे वेगळे सरकारी मंडळही १९४० च्या दशकापासून होते. मेक्सिकोतली मुस्कटदाबी बहुतेक वेळा अशी होती : वृत्तपत्र बंद पडत नसे, त्यातला एखादा माणूस दिसेनासा होई. म्हणून रिउस यांनी वृत्तपत्रे सोडून स्वतंत्र अंकांकडे वळणे ही मला केवळ कलेची नव्हे तर धंद्याचीही शहाणी निवड वाटते. जाहिरातदार नको, मोठ्या रिळाचा कागद नको; वाचक पैसे देतो आणि अंक पुढच्या आठवड्यात पुन्हा निघतो. तो मार्ग अर्थात प्रकाशकापाशी येऊन अडला.

आता १९६८ विषयी. २ ऑक्टोबरला मेक्सिको शहरातल्या त्लातेलोल्को चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर आणि नागरिकांवर गोळीबार झाला. ऑलिंपिकच्या उद्घाटनाला तेव्हा दहा दिवस राहिले होते आणि गुस्तावो दिआस ओर्दास राष्ट्राध्यक्ष होते. दुसऱ्या दिवशीच्या 'एक्सेल्सिओर' या दैनिकात आबेल केसादा या ज्येष्ठ व्यंगचित्रकाराने आपल्या जागेत चित्र काढलेच नाही. सगळी चौकट काळी आणि वर एकच शब्द : 'का?' छपाईच्या भाषेत सांगायचे तर तो शाईचा एक ठोकळा होता. त्या दिवशी मेक्सिकोच्या वृत्तपत्रांत छापली गेलेली सर्वांत खरी गोष्ट तीच असावी, असे मला वाटते. केसादा हे रिउस यांच्या पिढीचे एका अर्थाने गुरूच. पुढच्या निवडणुकीसाठी पक्षाने मनात ठरवलेला पण जाहीर न केलेला उमेदवार ते डोक्यावर टोपडे ओढलेला माणूस म्हणून काढत, आणि त्या झाकलेल्या उमेदवाराची आकृती मेक्सिकोत घरोघरी ओळखीची होती.

रिउस त्याच सुमारास 'लोस आगाचादोस' ही आपली दुसरी मालिका घेऊन उभे राहिले होते. विद्यार्थी आंदोलनावरही त्यांनी विशेष अंक काढला. शिवाय १९६८ च्या अखेरीस त्यांनी नारांखो, एलिओफ्लोरेस आणि आ.बे. या सहीने चित्रे काढणाऱ्या सहकाऱ्याबरोबर 'ला गार्रापाता' हे व्यंगपत्र सुरू केले. गार्रापाता म्हणजे गोचीड, आणि नावाखाली 'बैलांचा कर्दनकाळ' अशा अर्थाची ओळ. मेक्सिकोच्या बोलीत बैल म्हणजे मठ्ठ माणूस, त्यामुळे गोचीड कोणाला चावणार हे वाचकाला बरोबर कळे. त्लातेलोल्कोनंतर महिन्या-दोन महिन्यांत असे पत्र काढायला काय छाती लागली असेल!

त्याची किंमत लगेच वसूल झाली. १९६९ मध्ये रिउस यांना पळवून नेण्यात आले. नेवादो दे तोलुका या ४,६८० मीटर उंचीच्या निद्रिस्त ज्वालामुखीच्या परिसरात त्यांना नेले, बंदुका रोखल्या आणि मारण्याचा सगळा देखावा केला. मग सोडून दिले. आपला जीव लासारो कार्देनास यांनी मध्यस्थी केल्यामुळे वाचला, असे रिउस पुढे सांगत. कार्देनासही मिचोआकानचे, आणि नात्याने लांबचे आप्त. ज्यांच्या काळात ती कागदाची संस्था निघाली त्यांच्याच शब्दाने या चित्रकाराचा जीव वाचावा, हा योग माझ्या मनातून जात नाही. त्या प्रसंगानंतरही रिउस यांनी 'आगाचादोस' थांबवली नाही. ती सत्तरच्या दशकात वर्षानुवर्षे चालू राहिली.

प्रतिवाद यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांविषयी आदर आहे, परंतु दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे असे मला वाटते. रिउस यांच्या धैर्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी अडचण त्यांच्या शिकवण्याबद्दल आहे. साठच्या दशकात क्यूबाला जाऊन आल्यावर त्यांनी क्यूबाची ओळख करून देणारे जे पुस्तक काढले ते क्रांतीच्या बाजूने उघडपणे झुकलेले आहे. पुढे मार्क्स, चे गेव्हारा यांच्यावरची पुस्तके आली, त्यांतही सहानुभूतीचे पारडे जडच आहे. ज्याला दुसरे काही वाचायला मिळत नाही अशा वाचकासमोर एकच बाजू इतक्या गोड आणि सोप्या रीतीने मांडणे, ही मोठी जोखमीची गोष्ट आहे. रोजच्या व्यंगचित्रात पक्षपात असतोच, तो वाचकाला दिसतोही. परंतु तोच पक्षपात 'नवशिक्यांसाठी' असे नाव घेऊन येतो तेव्हा तो पाठ्यपुस्तकाचा अधिकार मागतो.

आहाराविषयीच्या पुस्तकाचेही तसेच आहे. 'पोट प्रथम' अशा अर्थाचे त्याचे नाव फार सुरेख आहे, कारण व्हिसेंते गेर्रेरो या स्वातंत्र्यवीराचे 'देश प्रथम' हे वाक्य मेक्सिकोच्या संसदेत सोनेरी अक्षरांत लिहिलेले आहे. रिउस स्वतः शाकाहारी होते. बाटलीबंद शीतपेये आणि डबाबंद खाणे यांनी गरिबांच्या ताटाचे काय केले, यावरचा त्या पुस्तकातला राग मला पूर्णपणे पटतो आणि आज तर तो अधिकच पटतो. पण आजारांविषयीची काही विधाने वैद्यकाच्या कसोटीवर टिकणारी नाहीत, आणि रेखाटनाची गोडी त्यांना नको तितका विश्वास मिळवून देते.

हे सर्व मांडल्यावर त्यांच्या बाजूची एक गोष्ट सांगितली नाही तर माझ्याकडून अन्याय होईल. १९९४ मध्ये रिउस यांनी क्यूबावर दुसरे पुस्तक काढले. त्याच्या नावाचा अर्थ 'क्यूबाची हळहळ वाटते' असा आहे आणि त्यात कास्त्रो बंधूंच्या कारभाराचे अपयश त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले. ज्या विषयावर आपले नाव झाले त्याच विषयावर, साठीला आल्यावर, आपण चुकलो असे छापून सांगणे सोपे नसते. डाव्या गोटातले जुने स्नेही त्यामुळे दुखावले गेले. पहिले पुस्तक वाचणाऱ्याने दुसरे वाचल्याशिवाय रिउस यांच्याविषयी मत बनवू नये, असे माझे म्हणणे आहे, आणि ते मी स्वतःलाही लागू करतो.

कोरीपाटी

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. प्रतिवाद यांचा मुद्दा मला मोलाचा वाटतो, कारण शाळेत मुलांसमोर काय ठेवायचे हे ठरवताना तोच प्रश्न उभा राहतो. मात्र माझी मूळ शंका अजून शिल्लक आहे. मुक्या चित्रांनी सुरुवात केलेल्या या चित्रकाराची रेषा पुढे मजकुराच्या भाराखाली दबली, की तो भार त्यांनी जाणूनबुजून घेतला? आणि 'आगाचादोस' या शब्दाचा अर्थ काय?

पैलतीर यांचे उत्तर

आधी शब्दाचे सांगते. 'आगाचार्से' म्हणजे वाकणे, खाली मान घालणे. 'आगाचादोस' म्हणजे मान खाली घातलेले, वाकलेले लोक. मी बराच काळ याला 'दबलेले' म्हणत होते, पण तो शब्द चुकीचा आहे. दबलेल्याला दुसरा कोणी दाबत असतो. 'आगाचादो' हा वाकायची सवय झालेला माणूस आहे. पहिल्या मालिकेचे नाव 'महामर्द' अशा अर्थाचे आणि दुसरीचे 'वाकलेले', ही नावे पाठोपाठ वाचली की रिउस आपल्याच वाचकांशी किती स्पष्ट बोलत होते ते लक्षात येते.

मजकुराचा भार त्यांनी जाणूनबुजून घेतला, याविषयी माझी खात्री आहे. सुपेरमाचोसमध्ये गोष्ट असे आणि गोष्टीच्या ओघात राजकारण येई. आगाचादोसमध्ये हळूहळू एकेक अंक एकेका विषयाला वाहिलेला निघू लागला : कधी इतिहास, कधी धर्म, कधी युद्ध, कधी ताटातले अन्न. पात्रे आता नायक राहिली नाहीत. ती पानाच्या कडेला उभी राहून प्रश्न विचारू लागली. तुम्हाला मार्क्सच्या पुस्तकात जी शंकेखोर माणसे भेटली ती इथूनच आलेली आहेत. ते पुस्तक मूळ स्पॅनिशमध्ये १९७२ चे. १९७६ मध्ये लंडनहून इंग्रजीत आले आणि त्याच साच्यावर 'नवशिक्यांसाठी' ही पुढची सगळी इंग्रजी पुस्तकमाला उभी राहिली. फ्रॉइड, आइन्स्टाइन, डार्विन यांच्यावरची तशी चित्रपुस्तके आपल्याकडच्या ग्रंथालयांतही दिसतात, पण तो साचा सान गाराबातोच्या चौकात घडला हे फार थोड्यांना माहीत असते.

त्यांची पानरचना मला नेहमी तीन थरांची वाटते. तळाशी एकोणिसाव्या शतकातल्या ग्रंथांतून कापलेले एखादे रुबाबदार कोरीव चित्र असते, दाढीवाल्या राजाचे किंवा बिशपचे. त्यावर रिउस यांच्या हस्ताक्षरातला मजकूर, ठळक, बोलका, मध्येच एखादा शब्द मोठा केलेला. आणि कोपऱ्यात त्यांनी स्वतः काढलेला छोटा माणूस, जो त्या राजाकडे पाहून एकच वाक्य बोलतो. कोरीव चित्रात अधिकार असतो, छोट्या माणसाच्या रेषेत अजिबात नसतो, आणि विनोद त्या दोन रेषांच्या भेटीतून निघतो. म्हणून मी त्याला सचित्र निबंध म्हणणार नाही. सचित्र निबंधातून चित्रे काढून टाकली तरी निबंध शिल्लक राहतो. इथे कोपऱ्यातला तो माणूस काढला तर पानावर नुसता राजा उरेल.

शुद्धलेखनही ते मुद्दाम मोडत. भांडवलशाहीच्या इतिहासावरच्या पुस्तकाच्या शीर्षकात त्यांनी स्पॅनिश वळणाचे 'सी' अक्षर टाळून 'के' वापरले आहे, भिंतीवर खडूने लिहिणारा माणूस जसा उच्चाराप्रमाणे लिहील तसे. शाळा अर्धवट सुटलेल्या वाचकाला आपले अक्षर चुकते याची लाज वाटू नये, म्हणून चित्रकाराने स्वतःच आधी चुकायचे ठरवले, असे मला ते वाचताना वाटते. लेखक कार्लोस मोन्सिवाइस यांचे म्हणून एक वचन मेक्सिकोत वारंवार सांगितले जाते : या देशात शिक्षण देणाऱ्या तीन यंत्रणा झाल्या, सरकारचे शिक्षण खाते, दूरचित्रवाणीची मोठी कंपनी आणि रिउस. प्रतिवाद यांची चिंता मला समजते. पण उरलेल्या दोन यंत्रणा कोणाच्या ताब्यात होत्या तेही त्याच वाक्यात आहे.

जुळारी काकांनी छापखान्याचा विषय काढला म्हणून आणखी एक. स्वस्त कागदावर, कमी शिकलेल्या वाचकासाठी चित्र आणि मजकूर एकत्र छापण्याची परंपरा मेक्सिकोत रिउसच्या आधीपासून होती. आग्वासकालिएन्तेस येथे १८५२ मध्ये जन्मलेले होसे ग्वादालुपे पोसादा मेक्सिको शहरात आन्तोनिओ वानेगास आर्रोयो यांच्या छापखान्यासाठी एकेरी पत्रके कोरून देत. श्रीमंती टोपी घातलेली ती सांगाड्याची बाई, जी आज मृतांच्या सणाला जगभर दिसते, तिचे मूळ त्यांच्याच हातचे. १९१३ मध्ये ते दारिद्र्यात वारले. आगाचादोस छापणाऱ्या प्रकाशन संस्थेचे नावही पोसादाच होते. रिउस यांनी मेक्सिकोच्या शंभर वर्षांच्या व्यंगचित्रकलेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि आपल्या आधीच्यांचे ऋण त्यात मान्य केले.

जुळारी

पैलतीर ताई, ते तीन थरांचे वर्णन वाचून जुने दिवस आठवले. ऑफसेट येण्याआधी असे पान छापायचे म्हणजे चित्राचा आणि हस्ताक्षराचा मिळून एकच ब्लॉक करावा लागे, खिळ्यांचे कामच उरत नसे. म्हणजे रिउस यांचे पान कोणी मधल्या मध्ये 'सुधारू' शकत नव्हते. टंकातली ओळ फोरमन चिमट्याने काढून टाकू शकतो, हाताने लिहिलेली ओळ काढली तर पानाला भोक पडते.

उत्तरायुष्याविषयी दोन शब्द राहून गेले आहेत, ते लिहितो. १९८७ मध्ये त्यांना मेक्सिकोचे राष्ट्रीय पत्रकारिता पारितोषिक मिळाले. नव्वदच्या दशकात त्यांनी तरुण मोनेरोंना बरोबर घेऊन आणखी दोन व्यंगपत्रे उभी केली. १९९४ च्या पत्राचे नाव 'एल चाउइस्त्ले', म्हणजे पिकावर पडणारा तांबेरा. संकट कोसळले की तिथला माणूस 'आपल्यावर तांबेरा पडला' असे म्हणतो. १९९६ मध्ये एल फिसगोन, एल्गेरा, एर्नान्देस आणि पात्रिसिओ यांच्याबरोबर 'एल चामुको', म्हणजे सैतान. गोचीड, तांबेरा, सैतान : शेतकऱ्याला जे जे नको तेच नाव पत्राला. शंभराहून अधिक पुस्तके लिहून ८ ऑगस्ट २०१७ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, तेपोस्त्लान या डोंगराळ गावी ते वारले.

कोरीपाटी

जुळारी काका, पानाला पडणाऱ्या भोकाचे तुम्ही जे सांगितलेत त्याने माझी शंका पूर्णपणे फिटली. पुढच्या आठवड्यात नववीच्या वर्गाला मी जुन्या पाठ्यपुस्तकांतली राजे-सरदारांची चित्रे कापून आणायला सांगणार आहे. प्रत्येकाने एक चित्र चिकटवायचे, आणि खालच्या कोपऱ्यात चार रेघांत एक छोटा माणूस काढून त्याचे वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहायचे. फळ्यावर नमुना म्हणून मी घोंगडीवाला काल्सोन्त्सिन काढेन, लोंबणाऱ्या प्लगसकट.